पॅडी वॅगन, दोन नग

"बाई, ह्यांका भात व्हया काय तांदूळ?"

सावंत माझ्या टेबलासमोर उभा होता. हातात एका सप्लायरचं पत्र, कपाळावर आठ्या. सावंत आमच्या पर्चेस डिपार्टमेंटचा, गाव कुडाळ. एरवी ऑफिसात हिंदी आणि इंग्रजी व्यवस्थित बोलायचा, पण गोंधळला की सरळ मालवणीवर यायचा.

"कोणाला भात हवाय?"

"सिक्युरिटीवाल्यांका. पॅडी वॅगन, दोन नग. मी इन्क्वायरी धाडलंय. तो सप्लायर म्हणता, बंद बॉडीची गाडी मिळात, पण आत भात असतलो की तांदूळ तां सांगा. तुसासकट असलो तर गाडी वेगळी."

मी पत्र वाचलं. सप्लायर मोठा गंभीर माणूस दिसत होता. माल कुठे भरायचा, कुठे उतरवायचा, दिवसाला किती पोती, सगळं नम्रपणे विचारलं होतं.

"सावंत, अहो सिक्युरिटीवाल्यांना भाताची गाडी कशाला लागेल?"

"माका काय म्हायत? कॅम्पात हजार माणूस जेवता. मी म्हटलं, आसात."

हसू नका. मलाही त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. पॅडी म्हटलं की आपल्याला भातशेतीच दिसणार. पण तो शब्द ज्या सिक्युरिटी प्लॅनमध्ये होता, तो कागद आठ दिवसांपूर्वी माझ्याच हातून सगळीकडे गेला होता, त्यामुळे मला थोडी तरी लाज वाटायला हवी होती.

मी डॉक्युमेंट कंट्रोलर आहे. लोकांना हे टायपिस्टचं फॅशनेबल नाव वाटतं. तसं नाही. बांधकामावर विटांपेक्षा कागद जास्त लागतात. प्रत्येक ड्रॉइंगला, प्रत्येक प्लॅनला नंबर असतो, रिव्हिजन असते, खाली तीन सह्या असतात: कोणी तयार केलं, कोणी तपासलं, कोणी मंजूर केलं. कागद बाहेर गेला की ज्याला शंका असेल तो एका तक्त्यात लिहितो. त्याला कमेंट शीट म्हणायचं. ज्याचा कागद, त्याने प्रत्येक शंकेला लेखी उत्तर द्यायचं. एक जरी शंका उघडी राहिली तरी पुढची रिव्हिजन निघत नाही. आणि निघते की नाही, हे मी बघते. कागद वाचणं माझ्या कामात बसत नाही, निदान तेव्हा तरी मी असंच समजत होते.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपला तीनेक वर्षं होती. दोह्यात जिकडे बघावं तिकडे क्रेन. आमचा प्रोजेक्ट म्हणजे मुशैरिबमधलं एक हॉटेल. इमारत उभी होती, आतलं काम संपत आलं होतं, आणि क्लायंटच्या ताब्यात द्यायची तारीख डोक्यावर बसली होती. ताबा द्यायच्या आधी सिक्युरिटी प्लॅन हवा. तो लिहायला एक अमेरिकन कन्सल्टंट आणला होता. नाव केविन. कतारमध्ये सगळे पहिल्या नावाला मिस्टर लावतात, म्हणून मिस्टर केविन. तिकडच्या पोलिसात वीसेक वर्षं काढून निवृत्त झालेला, धिप्पाड, लालबुंद, मनमोकळा माणूस. भेटला की "गुड मॉर्निंग, मॅऽम" इतक्या जोरात म्हणायचा की प्रिंटरसुद्धा दचकावा.

त्याच्या कॉफीच्या मगावर तीन पानांचं हिरवं चिन्ह होतं. आपण आयरिश असल्याचा त्याला फार अभिमान. पणजोबा तिकडून एक सुटकेस घेऊन अमेरिकेला आले, ही गोष्ट त्याची ऑफिसातल्या टीबॉयपासून क्लायंटपर्यंत सगळ्यांना सांगून झाली होती. पणजोबांच्या गावाचं नाव विचारलं तर मात्र दर वेळी वेगळं निघायचं.

त्या दिवसांत पँट्रीतला टीव्ही बातम्यांवर असायचा, आणि बातम्यांत अमेरिकेतली भाषणं. वक्ते बदलायचे, रेकॉर्ड तीच. आपले पूर्वज युरोपातून आले ते घाम गाळायला आले, कायद्याने वागले, देश घडवला. आता येतात ते गुन्हेगार. की टाळ्या! मिस्टर केविन कॉफीचा मग वर करून म्हणायचा, "एक्झॅक्टली! माझ्या पणजोबांनी एक रात्र तरी जेलमध्ये काढली असेल तर सांगा!" आम्ही सगळे चहा घेऊन उभे. आम्ही काय सांगणार? आम्ही कुठे तेव्हा जेलच्या दारावर बसलो होतो!

आणि आमचे पाठक साहेब मान डोलवायचे. पाठक साहेब म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, पुण्याचे, माझे बॉस. त्यांचा धाकटा भाऊ न्यू जर्सीत. तो त्यांना अशीच भाषणं फॉरवर्ड करायचा, आणि साहेब आम्हाला वाचून दाखवायचे. "बघा वैशालीताई, पॉइंट आहे. आपला बंड्या कसा, सगळे पेपर करून गेला. या बाकीच्यांमुळे चांगल्या लोकांचं नाव खराब होतं." बंड्याला तिकडे जाऊन दहा वर्षंही झाली नव्हती, आणि हा बाकीच्यांवर वैतागून मोकळा. मला इतका तिटकारा यायचा! पण मी बिस्किट खायची आणि टेबलावर परत यायची.

असो. सावंतला मी म्हटलं, थांबा, मूळ प्लॅन काढते. पान चौदा, वाहनं आणि उपकरणं: कॅमेरे, बॅरिअर, वॉकीटॉकी, पॅडी वॅगन, दोन. तिथे अर्थ मिळेना, म्हणून पुढे चाळत गेले. शेवटी एक परिशिष्ट होतं. मथळा, 'पर्सोनेल रिस्क प्रोफाइल', म्हणजे कुठल्या माणसापासून किती धोका. खाली तक्ता. पहिल्या रकान्यात देश, दुसऱ्यात वर्ग: ए, बी, सी. अमेरिका, ब्रिटन, युरोप, ए. फिलिपाइन्स, बी. नेपाळ, सी. बांगलादेश, सी. भारताच्या मात्र दोन ओळी होत्या. भारत, स्टाफ: ए. भारत, लेबर: सी.

तक्त्याखाली नियम. ए आणि बी वर्गाला हिरवा बॅज. सीला लाल. लाल बॅजवाल्याने तयार झालेल्या मजल्यांवर एकट्याने फिरायचं नाही, सोबत गार्ड हवा. आणि ताबा दिल्यानंतर लाल बॅजला इमारतीत प्रवेशच नाही.

मी तिथेच थांबले. कारण मला धनबहादूर आठवला.

इमारत ताब्यात दिली की आमचं काम खलास होत नाही. पुढचं एक वर्ष काहीही बिघडलं, गळलं, बंद पडलं तर ते आम्हीच दुरुस्त करायचं. त्याला डिफेक्ट्सचं वर्ष म्हणतात. त्यासाठी मोजकी माणसं मागे ठेवतात, बाकीच्यांना घरी पाठवतात. एसीसाठी ठेवायचा माणूस आधीच ठरला होता: धनबहादूर, नेपाळचा, पोखऱ्याजवळच्या गावचा, एसीवाल्यांचा चार्जहँड म्हणजे मुकादम. कुठल्या मजल्यावर छताआड कुठला व्हॉल्व्ह आहे हे ड्रॉइंगपेक्षा त्याला जास्त माहीत. ड्रॉइंग चुकलं की माझ्याकडे यायचा, बोट ठेवून दाखवायचा, "मॅडम, इधर नहीं है, उधर है." दर वेळी तो बरोबर आणि ड्रॉइंग चूक. त्याची मुलगी नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. हे एक वर्ष मिळालं की तिचं शिक्षण पुरं करून कायमचं घरी जायचं, असं त्याने ठरवलं होतं. मला दोनदा सांगितलं होतं.

लाल बॅज म्हणजे इमारतीत प्रवेश नाही. प्रवेश नाही म्हणजे काम नाही. काम नाही म्हणजे पुढच्या महिन्याचं विमान. एवढा सरळ हिशोब.

मी प्लॅन घेऊन पाठक साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

"साहेब, हे शेवटचं परिशिष्ट वाचलंत?"

"वाचलं की. का?"

"धनबहादूरला लाल बॅज येतोय."

"अहो ताई, त्यात पर्सनल काही नाही. स्टँडर्ड प्रॅक्टिस असते ही. तुम्ही बघितलंत ना, स्टाफला ए दिलाय. मी मुद्दाम भारताच्या दोन ओळी करून घेतल्या, नाहीतर हा बाबा सगळ्यांनाच सीमध्ये घालत होता!"

आणि हसले. खरंच हसले. स्वतःला ए मिळवल्याचा आनंद दहावीच्या निकालासारखा तोंडावर दिसत होता.

"आणि एसी कोण बघणार?"

"मिळेल कुणीतरी. ए किंवा बीमधला."

"ब्रिटनहून आणायचा का छतात शिरायला?"

"वैशालीताई," साहेबांचा आवाज बदलला, "हा सिक्युरिटीचा विषय आहे. तुम्ही नंबर टाका आणि पाठवा. तारीख जवळ आलीय."

संध्याकाळी अल अझीझियातल्या आमच्या फ्लॅटवर पोचले तरी डोकं तापलेलंच होतं. माझी मुलगी रेवा तेव्हा इथल्याच एका अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या शाखेत पहिल्या वर्षाला होती. आमच्या घरातली पद्धत अशी की मी मराठीत विचारायचं आणि तिने इंग्रजीत उत्तर द्यायचं. मी तिला भाताच्या गाडीची गोष्ट सांगितली. ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली.

"आई, इट्स अ पोलीस व्हॅन! पकडलेल्या लोकांना नेतात ती."

"मग पॅडी कशाला?"

"पॅडी मीन्स आयरिश. पॅट्रिकचं शॉर्ट फॉर्म. इट वॉज अ स्लर, आई. शिवीच."

तिच्या कोर्सला हेच चाललेलं. तिने लॅपटॉपवर जुन्या अमेरिकन मासिकांतली चित्रं दाखवली. आयरिश माणूस म्हणून काय काढलेलं? माकडाचं तोंड, हातात बाटली, दुसऱ्या हातात सोटा. तेव्हाचे पुढारी आणि पेपरवाले काय बोलायचे तेही तिने सांगितलं: हे आयरिश पितात, मारामाऱ्या करतात, आपले तुरुंग यांनीच भरलेत, यांना बोटीतूनच परत पाठवा. त्यांच्यामागून इटलीचे आले. मग इटलीवाल्यांच्या खिशात सुरे दिसायला लागले. तोवर आयरिश लोक पोलिसात भरती झाले होते, आणि सुरे शोधायला तेच पुढे.

"अँड दे वर ऑल युरोपियन्स, आई. टीव्हीवर जे म्हणतात ना, आमचे पूर्वज किती चांगले होते, त्यांच्याबद्दल तेव्हा हेच म्हणत होते."

"आणि तुझ्या पुस्तकात हे सगळं छापलंय?"

"ऑफ कोर्स. एव्हरीवन नोज."

सगळ्यांना माहीत! फक्त ज्याच्या मगावर हिरवं पान आहे त्याला सोडून. वीस वर्षं त्या गाडीत माणसं कोंबली आणि गाडीच्या नावावर आपल्याच पणजोबाला शिवी लिहिलीय, हे एकदाही मनात आलं नाही? कपाळ माझं!

दुसऱ्या दिवशी मी कमेंट शीट उघडली. डॉक्युमेंट कंट्रोलर सहसा कमेंट टाकत नाही, पण टाकू नये असा नियमही नाही. मी दोन टाकल्या. एक: पान चौदा, पॅडी वॅगन, या शब्दाचा अर्थ द्यावा, अरबी भाषांतरासाठी लागेल. दोन: शेवटचं परिशिष्ट, वर्ग कशाच्या आधारावर ठरवले, ते मूळ कागदाच्या नंबरासह द्यावं.

मिस्टर केविन तासाभरात माझ्या टेबलाशी. बोलणं इंग्रजीत झालं, मी मराठीत सांगते.

"मॅऽम, पॅडी वॅगन म्हणजे पोलीस व्हॅन. सगळ्यांना कळतं."

"आमच्या पर्चेसला कळलं नाही. त्याने भाताची गाडी मागवली."

त्याला खूप हसू आलं. टेबलावर हात आपटून हसला. सावंत पलीकडे मान खाली घालून बसला होता. ते बघून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

"पण पॅडी का म्हणतात?" मी अगदी भोळा चेहरा करून विचारलं.

"अं, पॅडी म्हणजे आयरिश."

"आयरिश लोकांची गाडी? का? त्यांना फार पकडायचे का?"

हसणं थांबलं. "नाही, म्हणजे, ते नक्की कुणाला माहीत नाही. काही म्हणतात, पोलीस आयरिश असायचे म्हणून."

"आणि दुसरे काही काय म्हणतात?"

त्याने हातातला कॉफीचा मग खाली ठेवला. "म्हणतात की आत बसवलेले आयरिश असायचे."

"तुमचं मत काय?"

"पोलीस. अर्थात पोलीस."

"मग तेव्हा तुमच्यासारख्या कुणी असा तक्ता केला असता, तर आयरिशच्या पुढे काय लिहिलं असतं? ए?"

माणूस आणखी लाल होऊ शकतो हे मला त्या दिवशी कळलं. "ते वेगळं होतं, मॅऽम. ते लोक काम करायला आले होते."

"आणि धनबहादूर इथे फुटबॉल बघायला आलाय?"

पॅडी वॅगन खोडून 'सिक्युरिटी व्हॅन' असं त्याने तिथेच लिहून दिलं. पहिली कमेंट बंद. मला वाटलं, जिंकले. संध्याकाळपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते. सावंतने मला करक, म्हणजे इथला दाट दुधाचा चहा आणून दिला, म्हणाला, "बरी जिरवलात तेची."

सकाळी दुसऱ्या कमेंटचं उत्तर आलं. मिस्टर केविनने सभ्यपणे लिहिलं होतं: सदर वर्गीकरण मी माझ्या मनाने केलेलं नाही. कंत्राटदाराने पुरवलेल्या कागदावरून घेतलं आहे. कॅम्प अलोकेशन मॅट्रिक्स, रिव्हिजन एक. खाली नंबर.

कंत्राटदार म्हणजे आम्ही.

मी नंबर टाकला, फाइल उघडली. मजुरांच्या कॅम्पातल्या कुठल्या ब्लॉकमध्ये कुठल्या देशाचे किती 'बॅचलर' राहतात त्याची यादी. इथे बॅचलर म्हणजे अविवाहित नव्हे. बायकोला इथे आणण्याइतकी ज्याची ग्रेड नाही तो बॅचलर, मग घरी चार पोरं का असेनात. यादीच्या उजव्या टोकाला एक रकाना, शेरा. एका देशापुढे, पिऊन भांडतात. दुसऱ्यापुढे, सुपरवायझरला उलट बोलतात. नेपाळ, ब्लॉक फोर: चोरीची सवय.

आणि खाली, तयार केलं: माझं नाव, पुढे आद्याक्षरं. तपासलं: कोरं. मंजूर केलं: पाठक साहेब.

मी पाणी प्यायले. मग आठवलं. प्रोजेक्ट नवीन होता तेव्हा, चार वर्षांपूर्वी, साहेबांनी यादी मागितली होती. मी कॅम्प बॉसला फोन लावला. तो पलीकडून बोलत गेला, मी टाइप करत गेले. दहा मिनिटांचं काम. ब्लॉक फोरमध्ये त्या आठवड्यात कुणाचा तरी मोबाईल हरवला होता. कॅम्प बॉस म्हणाला, "ये लोग ऐसेच है, लिख दो." मी लिहून दिलं. तो मोबाईल चार दिवसांनी त्याच माणसाच्या गादीखाली सापडला. कॅम्प बॉसने हसत हसत सांगितलंसुद्धा होतं. नवी रिव्हिजन काढायचं मात्र मला सुचलं नाही.

म्हणजे टीव्हीवरच्या त्या भाषणवाल्यांना मी काय नावं ठेवत होते? त्यांनी निदान समोर हजारो माणसं जमवून तोंड उघडलं होतं. मी फोन कानाला लावून, बिस्किट खात, एका हरवलेल्या मोबाईलवरून अख्खा देश चोर करून टाकला होता. आणि वर नंबर देऊन, सही करून तो कागद जपून ठेवला होता. मला माझीच शिसारी आली.

मग उठले. आमच्या धंद्यात चुकीचा कागद फाडत नाहीत. त्याच्यावर 'व्हॉइड' असा शिक्का मारतात, म्हणजे हा कागद रद्द, याचा आधार कुणी घ्यायचा नाही. त्यासाठी एक फॉर्म असतो. रद्द करण्याचं कारण लिहायचं आणि ज्याने तयार केला, ज्याने मंजूर केला, दोघांनी सह्या करायच्या. मी कारण लिहिलं: शेरे ऐकीव माहितीवर लिहिले होते, तपासले नव्हते. माझी सही केली आणि केबिनमध्ये गेले.

साहेबांनी फॉर्म वाचला. चष्मा काढला.

"हे काय लिहिलंय तुम्ही? ऐकीव? उद्या हे कुणी बघितलं तर?"

"खरं तेच लिहिलंय."

"वैशालीताई, कशाला जुनं उकरून काढता? आपण दोघंही अडकतो यात. गप्प राहा, चार दिवसांत ताबा द्यायचाय."

"गप्प राहायला माझी काहीच हरकत नाही. मग केविनचं उत्तर जसंच्या तसं कमेंट शीटमध्ये राहील, आणि शीट क्लायंटकडे जाईल. पुढच्या आठवड्यात मजुरांना कसं वागवतात ते तपासायला लेबर वेल्फेअरचे ऑडिटर येतायत. वर्ल्ड कप जवळ आल्यापासून ते कागदन् कागद वाचतात. त्यांना वाचू दे, नेपाळी लोकांना चोरीची सवय असते, तयार केलं वैशाली, मंजूर केलं पाठक."

"तुम्ही मला धमकी देताय?"

"नाही हो. नंबर टाकून पाठवतेय. तुम्हीच सांगितलं होतंत."

त्यांनी सही केली. इतक्या जोरात केली की मागच्या पानावर उमटली. वर ऐकवलंच, "तुम्ही फार इमोशनल होता." त्या दिवसापासून मी साहेबांची वैशालीताई राहिले नाही, मॅडम झाले. पुढच्या वर्षीच्या प्रमोशनच्या यादीतही माझं नाव नव्हतं. असू दे.

यादी व्हॉइड झाली, आणि रद्द कागदावर उभं असलेलं परिशिष्ट आपोआप खाली आलं. मिस्टर केविनला नवा आधार द्यायला सांगितलं. त्याच्याकडे नव्हता. वर्गीकरण सोडून बाकीचा प्लॅन सुधारून दुसरी रिव्हिजन निघाली. बॅज कामाप्रमाणे ठरले: ज्याला छतात शिरायचंय त्याला छतात शिरायचा बॅज. इतकी साधी गोष्ट सुचायला अमेरिकेहून माणूस आणावा लागला आणि तरी त्याला सुचली नाही ती नाहीच. जाताना तो मला "टेक केअर, मॅऽम" म्हणाला, पण हळू आवाजात. पँट्रीत शेवटपर्यंत पणजोबांची गोष्ट चालूच होती म्हणे. सुटकेस तेवढी आणखी लहान झाली होती.

धनबहादूर हिरवा बॅज घ्यायला माझ्याकडे आला. रजिस्टरमध्ये सही केली, बॅज गळ्यात घातला, सरळ केला. मला राहवलं नाही. त्याला खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. यादी, शेरा, फोन, मोबाईल. मी केलं होतं, माझी चूक झाली, मला माफ कर, असं हिंदीत जमेल तसं म्हटलं.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "मॅडम, हमको मालूम है."

"क्या मालूम है?"

"वो लिस्ट. कॅम्प में मेस के दरवाजे पे लगा था. चार साल. रोज खाना लेने लाइन में खडा होते थे तो वही दिखता था. इंग्लिश पढनेवाला लडका लोग सबको पढके सुनाया. चोर लिखा था. नीचे आपका नाम."

ही यादी साहेबांच्या फाइलीत पडून असेल असं मी धरून चालले होते. भिंतीवर! या चार वर्षांत हा माणूस कितीदा माझ्या टेबलाशी आला, ड्रॉइंगमधल्या चुका दाखवल्या, दर वेळी हात जोडून नमस्कार केला.

"फिर भी आप मुझे नमस्ते करते थे?"

"आप ऑफिसर है, मॅडम. नमस्ते तो करना पडता है."

त्याच्या आवाजात राग नव्हता, टोमणाही नव्हता. असलेली गोष्ट सांगावी तसं त्याने सांगितलं, आणि विचारलं, "मैं जाऊं? सातवें फ्लोर पे पानी टपक रहा है."

तो गेला. वर्षभर हॉटेलचे एसी त्याने सांभाळले, मग घरी गेला. मुलगी आता तिकडच्या हॉस्पिटलात नर्स आहे, असं सावंतकडून कळलं. मला त्याने कळवलं नाही, आणि त्याने का कळवावं?

आता माझ्या हाताखाली नवी मुलं येतात. हुशार असतात, भराभर टाइप करतात. त्यांना मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट शिकवते: 'तयार केलं' च्या रकान्यात आपली अक्षरं टाकायच्या आधी, हा कागद कुठल्या भिंतीवर लागणार आहे ते विचारून या, आणि ती भिंत एकदा स्वतः जाऊन बघा.